चेंडूची शिकार

मधल्या सुट्टीत शाळेच्या पटांगणावर मुले फुटबॉल खेळू लागली, की चेंडू जाईल तिकडे सारीच्या सारी धावत सुटतात. ‘‘अरे, आपापल्या जागा धरा!’’ असे सांगून सांगून आमचा घसा बसतो. त्यामुळे १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेतील हॉलंड-उरुग्वे सामन्याचे चित्रण पाहताना आम्ही प्रथम चक्रावूनच गेलो. उरुग्वेच्या खेळाडूपाशी चेंडू आला रे आला, की हॉलंडचे चार-पाच गडी त्याच्यावर एकदम तुटून पडत. हा तर आमच्या पटांगणावरचाच घोळका! मग यात विद्या ती कोणती?

विद्या होती ती न धावणाऱ्यांत, म्हणजे आम्हांला प्रथम तसे भासलेल्यांत. प्रशिक्षक रिनुस मिशेल्स यांनी मागे चार, मध्ये तीन व पुढे तीन अशी रचना केली होती. चेंडू गमावला की पुढचे तिघे माघार न घेता तेथेच तो परत मिळवू पाहत. मधली फळी प्रतिपक्षाच्या जवळच्या सोबत्यांच्या वाटा अडवी. आणि त्याच क्षणी बचावाची फळी मध्यरेषेकडे सरके. यामुळे प्रतिपक्षाचे आघाडीचे खेळाडू मागे एकटे उरत व ऑफसाइड ठरत. मैदान तेवढेच, पण खेळायला जागा मात्र उरत नसे.

यात धोका उघड होता. पाठीमागे अर्धे मैदान मोकळे पडे. ते राखण्यासाठी गोलरक्षक यान योंगब्लूड गोल सोडून बराच पुढे येई. एक गडी जरी क्षणभर मागे रेंगाळला, तरी ऑफसाइडचा सापळा मोडे आणि बाकीच्यांची धाव व्यर्थ जाई. तरीही अंतिम सामन्यापूर्वीच्या सहा सामन्यांत हॉलंडने चौदा गोल केले आणि स्वीकारला अवघा एक. तोही स्वतःच्याच खेळाडूकडून झालेला! आक्रमण हाच त्यांचा बचाव होता.

७ जुलै रोजी म्यूनिक येथे अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्यापूर्वी हॉलंडला पेनल्टी मिळाली व नेस्केन्सने गोल केला. त्यानंतर मात्र दुसऱ्या गोलाची निकड दिसेना. चेंडू आपसांतच खेळविला जाऊ लागला. मध्यंतरापूर्वी ब्राइटनर व म्यूलर यांनी एकेक गोल केला आणि विश्वचषक २-१ असा जर्मनीकडे गेला. आमच्या मते शिकारी क्षणभर विसावले, तेथेच डाव फिरला.

पुढे १९९२ मध्ये नियम बदलला. सोबत्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलायचा नाही, असे ठरले. बचावपटूंचे हुकमी आश्रयस्थान गेले आणि पुढे जाऊन दडपण आणणे अधिक फलदायी ठरले. २०२२ साली कतारमध्ये ऑस्ट्रेलियाच्या गोलरक्षकावर अर्जेंटिनाचा दे पॉल धावून गेला. गोंधळात निसटलेला चेंडू आल्वारेसने गोलात धाडला. त्याच अर्जेंटिनाला सौदी अरेबियाने पहिल्या सामन्यात २-१ असे हरविले होते. सौदी बचावफळी इतकी पुढे उभी होती, की पूर्वार्धात अर्जेंटिनाने जाळ्यात मारलेले तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले.

हे सारे ध्यानी आल्यापासून पटांगणावरचा आमचा पाठ बदलला आहे. चेंडूमागे धावणाऱ्यांना आम्ही आता रागावत नाही. चेंडूपासून सर्वांत दूर उभ्या असलेल्या मुलाला तेवढे हाक मारून सांगतो : ‘‘बाळ, तूही चार पावले पुढे ये. चेंडू कदाचित तुझ्याकडे येणार नाही. पण तू मागे राहिलास, तर त्या सर्वांचे धावणे फुकट जाईल.’’