मुंबईची पदवी घेतलेली माणसं

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्यानं अस्तित्वात आलं, पण पुढची कितीतरी वर्षं त्यानं स्वतः कुणाला शिकवलं नाही. शिकवायची ती कॉलेजं: एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन. विद्यापीठाचं काम परीक्षा घेण्याचं आणि पदव्या देण्याचं. हा परीक्षेचा कारभार सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता. त्यामुळे या पदवीधरांना विद्यापीठानं घडवलं, असं मी म्हणणार नाही. त्यांतल्या अनेकांना जे हवं होतं ते इथं नव्हतंच. ते त्यांनी पुढे भांडून मिळवलं, आणि भांडायला उभं राहताना पदवी हाताशी होती. या विद्यापीठाचं मोठेपण मला तिथं दिसतं.

बी. ए.ची पहिली तुकडी १८६२ची. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, अशी चार नावं. वागळे वकिलीत गेले, मोडक शिक्षणखात्यात. रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पण त्यांचं नाव निघतं ते सामाजिक परिषद, अर्थशास्त्रावरचे निबंध आणि मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास यांमुळे. भांडारकरांनी संस्कृत आणि प्राचीन इतिहासाला आयुष्य दिलं आणि १८९३ मध्ये ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी तो मान काशिनाथ त्र्यंबक तेलंगांना मिळाला होता. ते पहिले भारतीय कुलगुरू. हायकोर्टाचं काम सांभाळणाऱ्या या माणसाचं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झालं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव टॉवरला मिळालं. मान वर करून नीट पाहिलं तर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे दिसतात, ज्याच्या त्याच्या पोशाखात. पुतळ्यांना उंचावर जागा मिळाली. जिवंत माणसांना वर्गात जागा मिळायला बराच उशीर लागला.

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्या या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, त्याही पहिल्या वर्गात. पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या बाई होत्या. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली तेव्हा कुठे त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली १९२२ मध्ये. मधली तीस वर्षं त्या स्वस्थ बसल्या नाहीत. गोषातल्या बायकांच्या जमीनजुमल्याचे खटले परपुरुष वकिलापुढे मांडताच येत नसत. त्या बायकांच्या बाजूनं उभं राहणं हे सोराबजींनी आपलं काम मानलं.

१९१२ मध्ये, म्हणजे पहिल्या तुकडीनंतर पन्नास वर्षांनी, भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. विषय इंग्रजी आणि फारसी. शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून फारसी. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत भांडारकरांसारखा संस्कृत पंडित होता, त्याच विद्यापीठाच्या पदवीपर्यंत येताना आंबेडकरांना ती भाषा बंद होती. ती त्यांनी पुढे स्वतः मिळवली आणि धर्मग्रंथ तपासले. न्यूयॉर्क, लंडन या पुढच्या गोष्टी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर चाललेलं हे मुंबईतलं शिक्षण त्यांच्या चरित्रात फार झटकन उरकलं जातं, असं मला नेहमी वाटतं.

दोन बहिणींपाशी मात्र थोडं थांबायला हवं. धाकटी कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. १९३३ मध्ये बी. एस्सी.ला पहिली येऊन ती बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली. संचालक सी. व्ही. रामन मुलींना घ्यायला तयार नव्हते. ती हटली नाही. शेवटी एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. झाली, तीही वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या घटकावरच्या जेमतेम चाळीस पानी प्रबंधावर. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरा, डाळी, तांदळाचं पीठ असे गरिबाच्या ताटातले पदार्थ प्रयोगशाळेत आणले. नीरेतली पोषणमूल्यं त्यांनी मोजून दाखवली. पुढे ग्राहक चळवळीत राहून घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची यावर त्या लिहीत राहिल्या.

थोरली दुर्गा. याच विद्यापीठाची एम. ए. मध्य प्रांतातल्या आदिवासींचा अभ्यास करताना विषबाधा होऊन कित्येक वर्षं अंथरुणाला खिळली, डॉक्टरेट राहून गेली. ती राहिली ते बरंच झालं, असं कुणी म्हणू नये. त्या वर्षांत फार सोसावं लागलं. पण लोकसाहित्य, ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ हे सगळं त्यानंतरचं. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. देशात आणीबाणी. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात मंत्री आणि १९३८चे मुंबई विद्यापीठाचेच बी. ए. दुर्गाबाईंनी त्या मंचावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं आणि पुढे तुरुंगवासही पत्करला. एकाच विद्यापीठाचे दोन पदवीधर एका मंचावर, एक सत्तेत आणि एक सत्तेविरुद्ध. दोघांचीही मराठीवर अपार माया.

विद्यापीठाचा मुलूख १९४९ नंतर आटत गेला. गुजरात, कर्नाटक आणि पुणे यांची स्वतंत्र विद्यापीठं झाली, १९८५ मध्ये गोव्याचंही झालं. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर मात्र त्याआधीच विद्यापीठाच्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून शिकून बाहेर पडले होते. ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना, १९९७ मध्ये, हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट परिषदेनं रद्द करून घेतलं. आज या विद्यापीठाकडे मुंबईखेरीज ठाणे, पालघर आणि कोकणचे जिल्हे आहेत. जव्हारच्या किंवा सावंतवाडीच्या कॉलेजातल्या मुलीला मिळणाऱ्या पदवीवर आजही याच विद्यापीठाचं नाव असतं.