प्रिंटएफ पुसू नका, बंद करा!

थर्ड इयरच्या डेमोची आदली रात्र. सीरियल पोर्टवरून तापमान वाचून फाइलमध्ये लिहायचं, एवढाच आमचा सी प्रोग्रॅम. चालत होता, पण स्क्रीनवर प्रिंटएफचा नुसता पूर. रूम पार्टनर म्हणाला, "अरे, हा कचरा बघून सर काय म्हणतील?" रात्री २ वाजता डीबगचे सगळे प्रिंटएफ पुसले, कंपाइल केलं आणि झोपलो. सकाळी डेमोत फाइल कोरी!

झालं असं, की एक प्रिंटएफ 'तापमान शून्याखाली असेल तर' या इफखाली होता, महिरपी कंसांशिवाय. तो पुसल्यावर खालची, फाइलमध्ये लिहिणारी ओळ त्या इफच्या पोटात गेली. आणि बाहेर तर एप्रिलचं ऊन!

आता मी डीबगसाठी थेट प्रिंटएफ लिहीत नाही. हेडर फाइलमध्ये 'डीबग' नावाचा एकच मॅक्रो ठेवतो. सीरियल, पार्सर, फाइल या प्रत्येक मॉड्यूलच्या सी फाइलमध्ये वर आपापलं नाव आणि स्विच, म्हणजे ० किंवा १, हॅश-डिफाइन करतो. मॅक्रो जिथे वापरला तिथेच उलगडतो, म्हणून तो त्या त्या फाइलचं नाव आणि स्विच उचलतो. पार्सरवर संशय असेल तर फक्त त्याचा १, बाकीचे गप्प. कितीही आर्ग्युमेंट्स घेणारा मॅक्रो सी-९९ पासून रीतसर लिहिता येतो.

मॅक्रोच्या आत 'स्विच चालू असेल तर एसटीडी-एरवर छाप' एवढंच असतं. एसटीडी-आउट बफरमध्ये अडकतं. प्रोग्रॅम क्रॅश झाला की नेमक्या शेवटच्या ओळी गायब. हे सगळं डू-व्हाइल-शून्यमध्ये गुंडाळायचं. दिसायला वेडगळ, पण नाहीतर वापरणाऱ्याचा एल्स मॅक्रोतल्या इफला चिकटतो. म्हणजे माझीच चूक, नव्या कपड्यांत!

काही जण डीबग बंद असताना मॅक्रो रिकामाच करतात. मला ते पटत नाही. स्विच ० असला तरी कंपायलर ती ओळ तपासतो, आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल तर सहसा काढूनही टाकतो. व्हेरिएबलचं नाव बदललं तर एरर लगेच कळते.

एक मात्र सांभाळा. डीबगच्या कंसात 'आय प्लस प्लस' लिहू नका. स्विच बंद झाला की ते चालतच नाही. मग डीबग चालू असताना प्रोग्रॅम बरोबर, बंद केला की चूक. आणि शोधायला पुन्हा डीबग चालू करावा, तर बग पळालेला!