शर्करा निवडणारे प्रथिन आणि त्याचे दोन धातू

राजमा रात्रभर भिजत घालावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात तो खळखळून उकळावा, हा स्वयंपाकघरातील नियम केवळ दाणे मऊ व्हावेत म्हणून नाही. अर्धकच्च्या राजम्याचे मोजके दाणेही ओकाऱ्या व जुलाब होण्यास पुरेसे ठरतात. ह्या त्रासाचे मूळ त्या बीमधील एका प्रथिनात आहे. ते आतड्याच्या अस्तरावरील शर्करा ओळखते व त्यांना चिकटून बसते. विशिष्ट शर्करा निवडून धरणाऱ्या अशा प्रथिनांना ‘लेक्टिन’ म्हणतात. ‘निवडणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव १९५४ मध्ये रूढ करण्यात आले.

सजीवांच्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या असतात. लेक्टिनच्या एका रेणूला शर्करा धरण्याच्या दोन किंवा अधिक जागा असल्या, तर तो शेजारच्या दोन पेशींना एकत्र जोडू शकतो. असे असंख्य सांधे जुळले की पेशींच्या गुठळ्या होतात. एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे स्टिलमार्क ह्या संशोधकाने १८८८ मध्ये दाखवून दिले होते.

ह्या वर्गातील सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले प्रथिन मात्र आपल्याकडील अबईच्या कुळातील ‘जॅक बीन’ ह्या शेंगेच्या बीमध्ये सापडले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर ह्यांनी १९१९ मध्ये ते स्फटिकरूपात वेगळे केले व त्यास ‘कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए’ असे नाव दिले. त्याच बीमधून १९२६ मध्ये युरिएज ह्या विकराचे स्फटिक मिळवून समनर ह्यांनी पुढे १९४६ चे नोबेल पारितोषिक संपादन केले. त्या मानाने आधीचे प्रथिन काहीसे उपेक्षित राहिले. १९३६ मध्ये समनर व हॉवेल ह्यांनी त्याचे गुणधर्म उजेडात आणले. त्याच्या योगाने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, आणि उसाची साखर मिसळल्यास ही क्रिया थांबते. त्याच वर्षी त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. प्रथिनातील धातू काढून घेतले असता त्याची शक्ती नाहीशी होते, व योग्य धातू परत दिला असता ती पुन्हा प्रकट होते.

शर्करा धरण्याच्या कामी धातूचा काय उपयोग असावा? धातूच शर्करेला पकडत असेल, हा तर्क स्वाभाविक होता. त्याची परीक्षा करण्यासाठी रेणूची प्रत्यक्ष रचना कळणे अवश्य होते. १९७२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ती उलगडली. ह्या प्रथिनाचा एक घटक २३७ ॲमिनो अम्लांच्या साखळीचा असतो. साखळीचे पट्टे शेजारी शेजारी बसून दोन थर तयार होतात. असे चार घटक मिळून पूर्ण रेणू होतो, व त्याचा रेणुभार एक लाखाच्या थोडा वर जातो. प्रत्येक घटकात मँगनीजचा एक आणि कॅल्शियमचा एक आयन असतो. त्यांच्यातील अंतर चार-साडेचार अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक-कोट्यंशाच्या सुमारे चारपट आहे.

शर्करेची जागा ठरविताना मात्र आरंभी चूक झाली. स्फटिकात शर्करेचे जे संयुग भिजविले होते, त्याला आयोडीनयुक्त वलय जोडलेले होते. हे संयुग धातूंपासून सुमारे वीस अँगस्ट्रॉम दूर असलेल्या एका खोल पोकळीत आढळले, म्हणून तीच शर्करेची जागा मानण्यात आली. वस्तुतः तेथे शर्करा नव्हे, तर ते वलय रुतले होते. पुढच्याच वर्षी चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने द्रावणात मोजमाप करण्यात आले, तेव्हा शर्करा मँगनीजपासून सुमारे दहा अँगस्ट्रॉमवर असल्याचे दिसले. १९८९ मध्ये मॅनोज ह्या शर्करेसह प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हा वाद निकालात निघाला.

त्या रचनेवरून धातूंचे खरे कार्य स्पष्ट होते. दोहोंपैकी एकही धातू शर्करेला स्पर्श करीत नाही. सामान्यतः मँगनीज प्रथम आपल्या जागी बसतो व त्यामुळे शेजारी कॅल्शियमची जागा तयार होते. कॅल्शियम बसताच २०७ व २०८ ह्या क्रमांकांच्या ॲमिनो अम्लांमधील बंध फिरतो. एरवी अशा बंधाच्या दोन बाजूंकडील साखळी परस्परविरुद्ध दिशांना असते. येथे ती एकाच दिशेला येते. प्रथिनांत ही स्थिती विरळा आढळते. ह्या फिरण्यामुळे २०८ वे अम्ल, म्हणजे ॲस्पार्टिक अम्ल, शर्करेसमोर येते. कॅल्शियमला चिकटलेला पाण्याचा एक रेणू त्याला तेथे जखडून ठेवतो. १४ वे अम्ल, ॲस्पॅरॅजीन, एका बाजूने कॅल्शियमला धरते आणि दुसऱ्या बाजूने शर्करेला. थोडक्यात, धातू हे पकडणारे हात नव्हेत. त्या हाताला आकार देणारी हाडे असे त्यांना म्हणता येईल.

ही पकड किती नेमकी असते, ते ग्लुकोज व गॅलॅक्टोज ह्यांच्या तुलनेने कळते. ह्या दोन शर्करांत केवळ चौथ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा फरक आहे. कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए ग्लुकोज व मॅनोज स्वीकारते, परंतु गॅलॅक्टोज नाकारते. ह्याच गुणाचा उपयोग करून अगरवाल व गोल्डस्टाईन ह्यांनी १९६५ मध्ये ते शुद्ध करण्याचा सोपा मार्ग काढला. ग्लुकोजच्या साखळ्यांपासून बनविलेल्या कणांना हे प्रथिन चिकटते व बाकीची द्रव्ये वाहून जातात. नंतर ग्लुकोजचे द्रावण सोडले की ते सुटून येते.

भुईमुगाच्या लेक्टिनची रचना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम्. विजयन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातही तेच दोन धातू आणि तसेच दोन थर आहेत. तरीही ते गॅलॅक्टोज निवडते. धातूंभोवतीची चौकट शेंगवर्गात समान राहिली असून तिच्या कडेच्या वळणांत बदल होऊन निवड बदलली आहे.

राजम्याचे लेक्टिनही ह्याच घराण्यातील आहे. उकळत्या पाण्यात साखळीची घडी मोडते, धातूंनी सांभाळलेली जागा विसकटते आणि शर्करा धरणारे काही उरत नाही. नुसत्या मंद उष्णतेवर मात्र ही मजबूत घडी टिकून राहते. म्हणूनच राजमा उकळताना खळखळ उकळी येणे, आणि ती पुरेसा वेळ टिकणे, आवश्यक आहे.