गाडी समजून घेताना : लेखांक ११
पायाखालची मॅट

मागच्या आठवड्यात टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं. आज त्याहून क्षुल्लक वाटणारी वस्तू घेतो : ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट.

नगरकरांना वाहननगर ठाऊक असतं. डीआरडीओची वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा, व्हीआरडीई, तिथं आहे. रणगाड्यांशी आणि लष्करी गाड्यांशी तिचं नातं सगळ्यांना माहीत असतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२६ व्या नियमात, गाडीचा नमुना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयसोबत आपल्या जिल्ह्यातल्या या संस्थेचंही नाव आहे. ब्रेक किती अंतरात लागतो, दिवे कुठपर्यंत पडतात, धूर किती निघतो, हे सगळं तपासल्याशिवाय गाडी विक्रीला येत नाही. मग गाडी शोरूममधून निघते, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी आपण ती ॲक्सेसरीजच्या दुकानात उभी करतो. तिथला पोरगा दहा मिनिटांत ब्रेकच्या खाली एक जाड रबरी तुकडा अंथरतो. त्या तुकड्याची तपासणी कोणी केलेली नसते. गाडी तपासणाऱ्यांना तो माहीतच नसतो. पेडलच्या खाली मालकानं स्वतःच्या हौशीनं घातलेली ही एकच वस्तू, म्हणून तिची जबाबदारीही मालकाचीच.

मॅट सरकते कशी, ते आधी बघू. गाडी चालवताना टाच मॅटवर टेकलेली असते. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर आणि परत, असं दिवसभर पाय टाचेवर फिरतो, आणि ब्रेक दाबताना टाच मॅटला थोडं पुढे रेटते. ब्रेक लागला की गाडी थांबू पाहते, मॅट मात्र स्वतःच्या जडत्वानं पुढे जाऊ पाहते. चंदनापुरी घाट किंवा करंजी घाट उतरताना गाडीचा तळच पुढे कललेला असतो. म्हणजे सगळे धक्के एकाच दिशेला. मॅटला मागे ओढणारं फारसं काही नाही. एका दिवसात ती बोटभरही हलणार नाही, पण महिनाभरात पेडलपर्यंत पोचू शकते.

कंपनीनं याची तजवीज केलेली असते. मॅटच्या पाठीवर बारीक काटे असतात, ते गाडीच्या कार्पेटच्या लवेत रुततात. शिवाय बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला तळातून हूक किंवा खुंटी वर आलेली असते आणि मॅटला त्या मापाचं भोक असतं. ही तजवीज आपण कशी मोडीत काढतो, ते बघण्यासारखं आहे.

पहिलं लॅमिनेशन. कार्पेट खराब होऊ नये म्हणून त्यावर गुळगुळीत रेक्झिन बसवून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. काट्यांना रुतायला लव राहत नाही आणि बऱ्याचदा हूकही त्याखाली गाडला जातो. दुसरं, मॅटवर मॅट. खाली कंपनीची, तिच्यावर ‘सेव्हन डी’ किंवा नूडल मॅट. हूक खालच्या मॅटला धरतो, वरची मोकळीच. तिसरं खास आपल्या जिल्ह्याचं : मॅट चिखलानं भरू नये म्हणून तिच्यावर टाकलेलं गोणपाट किंवा खताची रिकामी गोणी. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा हा उसाचा, पाटपाण्याचा पट्टा. रानातून गाडीत बसताना चपलेला बारमाही चिखल. काळी माती ओली झाली की तिचा मेणासारखा थर होतो, आणि युरियाच्या प्लॅस्टिक गोणीखाली तो थर म्हणजे घसरगुंडीच. शेवगाव-पाथर्डीकडे चिखलाऐवजी फुफाटा. तो मॅटच्या पाठीवरच्या काट्यांमध्ये भरून बसतो, काटे बुजतात आणि पकड जाते. गोणपाट टाकणाऱ्याला मी हसत नाही, चिखलाचा त्रास खराच आहे. पण ते टाकायचं तर शेजारच्या आणि मागच्या सीटपुढे टाकावं. ड्रायव्हरपुढे नाही.

आता अडकणं. बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर वरून लोंबतो. रोजच्या चालवण्यात तो निम्मासुद्धा दबत नाही, त्यामुळे पुढे आलेली मॅट त्याला लागत नाही आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, समोर रस्ता मोकळा दिसतो, आणि आपण ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. पेडलचं खालचं टोक मॅटच्या उचललेल्या कडेखाली जातं. पाय काढला तरी स्प्रिंगला ते सोडवता येत नाही. म्हणजे हा दोष दिसतो तो ओव्हरटेकच्या ऐन वेळी. ब्रेकचंही तसंच. पेडलखाली मॅटची घडी आली तर हलक्या ब्रेकला काही जाणवत नाही, जोराचा ब्रेक मारायची वेळ आली की पेडल मध्येच थांबतं. क्लच त्यातल्या त्यात प्रामाणिक : तो पूर्ण दबला नाही की गिअर कुरकुरतो आणि माणूस मेकॅनिककडे जातो. क्लचप्लेट बदलण्याआधी मॅट मागे ओढून बघणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नका.

या विषयाकडे जगाचं लक्ष गेलं ते २००९ मध्ये. २८ ऑगस्टला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सँटी गावाजवळ एक लेक्सस ईएस ३५० ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगात सुटली आणि तिच्यातली चारही माणसं गेली. चालवणारा साधा माणूस नव्हता, तिथल्या महामार्ग पोलिसांतला अधिकारी होता. गाडी त्याची नव्हती. स्वतःची दुरुस्तीला दिल्यावर डीलरनं तात्पुरती दिलेली. तपासात दिसलं की गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट होती आणि ती हुकांना अडकवलेली नव्हती. काहीच दिवस आधी हीच गाडी नेलेल्या एका ग्राहकाचा ॲक्सिलरेटर असाच अडकला होता. त्यानं न्यूट्रल करून गाडी थांबवली, मॅट सोडवली आणि परत देताना तसं सांगितलंही होतं. निरोप पुढे गेला नाही.

लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाला हा दोष अगदीच नवा नव्हता. २००७ मध्येच कंपनीनं अशा सुमारे ५५,००० मॅट परत मागवल्या होत्या. सँटीनंतर मात्र सुमारे ३८ लाख गाड्यांचा प्रश्न निघाला. आधी मालकांना ड्रायव्हरपुढची मॅट काढूनच टाका असं सांगण्यात आलं, मग पेडलचं खालचं टोक कापून आखूड करणं सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये भूत असेल ही शंका इतकी पसरली की थेट ‘नासा’च्या अभियंत्यांना तपासाला बसवलं, फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांना तसं काही सापडलं नाही. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल मार्च २०१४ मध्ये कंपनीनं अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. या साऱ्या प्रकरणातून एक चांगली गोष्ट रुळली : ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबलेले दिसले की इंजिनची ताकद आपोआप उतरवणारी सोय. तुमच्या गाडीत ती आहे का, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बघा. जुन्या, केबलवर चालणाऱ्या ॲक्सिलरेटरला ती नसते.

पेडल अडकलंच तर? खाली वाकून मॅट ओढू नका. नजर रस्त्यावरून हटली की संपलं. ब्रेक एकदाच, सगळ्या जोरानं, लागलं तर दोन्ही पायांनी दाबा आणि दाबूनच ठेवा. सोडून पुन्हा दाबू नका. यामागं कारण आहे. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर बहुधा इंजिनच्या ओढीतून तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर चालतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना ते व्हॅक्यूम जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे साठलेलं दोन-तीन दाबांत संपतं आणि पेडल दगडासारखं होतं. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो, तरी सवय हीच बरी. त्याच वेळी न्यूट्रल करा. हातगिअरची गाडी असेल तर क्लच दाबून. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. वेगाला मर्यादा घालणारी सोय आजकालच्या इंजिनात असते, आणि नसली तरी इंजिन जाऊ दे. चावी फिरवून गाडी बंद करण्याची घाई नको. चावी पार मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटणाच्या गाड्यांचं आणखी वेगळं. सँटीच्या त्या लेक्ससमध्ये चालत्या गाडीत बटण तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. समृद्धी महामार्गावर कोपरगावच्या हद्दीत १२० च्या परवानगीच्या वेगानं जाणारी गाडी तेवढ्यात १०० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून आधी न्यूट्रल, बटण नंतर. गाडी कडेला पूर्ण उभी राहिली की मगच मॅटला हात लावायचा.

आता ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं ते. बंद गाडीत बसून तिन्ही पेडल हातानं तळापर्यंत दाबून बघा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन वर आला पाहिजे, आणि पूर्ण दबलेलं कुठलंही पेडल मॅटला शिवता कामा नये. मॅट दोन्ही हातांनी पुढे ढकलून बघा. सरकली तर ती बसलेलीच नाही. हूक असेल आणि मॅटला भोक नसेल, तर ती मॅट तुमच्या गाडीची नाही, दुकानदार काहीही म्हणो. लॅमिनेशन करायचंच असेल तर हुकाच्या जागी कापून हूक वर काढून घ्या. हूक मुळातच नसेल तर मॅटच्या पाठीवर आणि कार्पेटवर वेल्क्रोच्या रुंद पट्ट्या लावा. दोन बाजूंनी चिकटणारी साधी टेप उन्हाळ्यात, बंद गाडीच्या भट्टीत, सुटते. काटे महिन्यातून एकदा ब्रशनं धुवा आणि मॅट पूर्ण वाळल्याशिवाय टाकू नका. वॉशिंग सेंटरवरून गाडी घेतली की निघण्याआधी हूक लागलेत का ते बघा. मुलं घाईत असतात, मॅट नुसती टाकून देतात. सर्व्हिसिंगवाले घालतात तो कागद लगेच काढून टाका.

आणि मॅटच्या जोडीनं तिच्यावरून घरंगळणाऱ्या वस्तू. सीटखाली ठेवलेली पाण्याची बाटली तर आहेच. शिर्डीहून, मोहटादेवीहून परतताना मागच्या सीटपुढे ठेवलेला नारळही घाट उतरताना पुढे येतो, आणि सोललेला नारळ ब्रेकच्या पेडलखाली अडकायला पुरेसा मोठा असतो. प्रसाद डिकीत ठेवावा.

पुढच्या आठवड्यात वायपर.