युरोपातील सहलीची निवड

युरोपात कुठे जावे, या प्रश्नाचा विचार भारतीय प्रवाशाने व्हिसापासून सुरू करणे हिताचे आहे. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी झालेल्या करारातून, म्हणजे अंतर्गत सीमांवरील तपासणी उठवण्याच्या सहमतीतून, जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात आज २९ देश असून, अल्प मुक्कामाच्या एकाच व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस तेथे फिरता येते; ब्रिटन व आयर्लंड मात्र तिच्याबाहेर असल्याने लंडनसाठी स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र खर्च येतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडेच अर्ज करायचा असल्यामुळे मार्ग आधीच ठरलेला असावा लागतो.

दुसरी कसोटी ऋतूची. शाळांच्या सुट्टीमुळे अनेक मराठी कुटुंबे मे महिन्यात निघतात आणि तो काळ इटली, स्पेन, ग्रीस यांसाठी उत्तमच असतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलसारख्या शहरात पारा ३५ अंशांपलीकडे जातो. आल्प्समधील उंच घाटरस्ते मात्र मे महिन्यात बर्फामुळे बहुधा बंदच असतात.

दहा दिवसांत सहा देश पाहण्याच्या हौसेत बराचसा वेळ बसमध्ये आणि सामान बांधण्यात जातो, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. याउलट एकाच देशात फिरल्यास हा वेळ वाचतो; उदाहरणार्थ, इटलीत फ्लॉरेन्सहून व्हेनिसला वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत पोहोचता येते. पहिल्या सहलीसाठी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस एवढीच तीन शहरे पुरेशी आहेत.