फी नेमकी कुणाच्या खिशात?

२०११ साली नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ झालं. फी वाढली की शिव्या विद्यापीठालाच. पण शिक्षणशुल्क मुख्यतः कॉलेजकडे राहतं. विद्यापीठाच्या वाट्याला परीक्षा शुल्क आणि कॉलेजांचं संलग्नीकरण शुल्क येतं.

गोम इथेच आहे. प्रश्नपत्रिका काढायचा खर्च पन्नास मुलांना जेवढा, जवळपास तेवढाच पाच हजारांना. मुलं कमी, तर माणशी बोजा जास्त. त्यात याच हद्दीतलं सिरोंचा गडचिरोलीतल्या विद्यापीठापासून सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे ने-आणीचा खर्च वेगळाच! तूट भरायला अनुदान किंवा फी, एवढेच मोठे मार्ग. फीचा भार काहींसाठी हलका झाला: २०२४ मध्ये महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली. खोली-खाणावळीचा खर्च मात्र त्यात येत नाही, आणि गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडहून शिकायला आलेल्या मुलीला तोच जड जातो.