चंपीचं पोट का फुगलं?

मुलांनो, परवा पहूरला आमच्या वर्गातली एक मुलगी रडवेली होऊन आली. "बाई, चंपीचं पोट फुग्यासारखं झालंय. आजी म्हणते, आता कापूनच टाकू!" चंपी म्हणजे तिची सहा वर्षांची गावरान कोंबडी.

मधल्या सुट्टीत जाऊन पाहिलं. चंपी पाय फाकवून, छाती वर काढून उभी. पोट पाण्याच्या पिशवीसारखं डुबडुबत होतं. अंडं अडकलं असेल, असं आधी मलाही वाटलं; पण तिनं वर्षभरात अंडं दिलंच नव्हतं.

संध्याकाळी तिला डालग्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "जलोदर." म्हातारपणी कधी यकृत किंवा हृदय थकतं, कधी अंडाशयात गाठ होते, कधी बलक नळीत न जाता पोटातच पडतो, मग पाणी साचतं. कोंबडीच्या हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. पाण्यानं त्या दबतात आणि तिला धाप लागते. म्हणून अशा कोंबडीला उताणं धरू नका, पोट दाबू नका.

डॉक्टरांनी सुईनं थोडंच पाणी काढलं. सगळं एकदम काढलं तर कोंबडी दगावू शकते. (घरी हा उद्योग नको हं!) "पाणी पुन्हा भरेल, ती बरी होणार नाही," हेही त्यांनी त्या मुलीला स्पष्ट सांगितलं. मला ते पटलं. आजीला म्हणाले, "आजारी कोंबडी खाऊ नये."

हात मात्र साबणानं धुवा. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली आपल्या खानदेशातच, नवापूरला, बर्ड फ्लू आला होता.

चंपी आता सावलीत बसून असते. ज्वारीची कणी भिजवून आजीच तिच्यापुढे ठेवते.